दिवा दिसला, गाडी कळली नाही

पत्र: काका, मी गोराईत राहते. नोकरी बोरिवलीला, म्हणजे रोज खाडी ओलांडून जाणं-येणं. बाबा सहासष्ट वर्षांचे. आमची बैलजोडी आहे आणि टायरची गाडी. पेंढा, शेणखत, कधी जेट्टीवर मासळीचे क्रेट, असं भाडं बाबा अजून मारतात. गेल्या महिन्यात रविवारी, अंधार पडता पडता, मागनं एक बाईकवाला आमच्या उजव्या चाकावर आदळला. पोरगा वाचला, हाताला प्लास्टर आहे. आता त्याच्या घरचे भरपाई मागतात. आमचा उजव्या बाजूचा बैल त्या दिवशी जो बुजला, तो अजून अपघाताच्या जागेच्या मोरीपाशी, म्हणजे त्या छोट्या पुलापाशी, गेला की पाय रोवून उभा राहतो. भाऊ म्हणतो, बैल विका, टेम्पो घेऊ, नाहीतरी कोर्टानं मुंबईत असल्या गाड्या बंदच केल्यात. बाबा म्हणतात, चाळीस वर्षं याच रस्त्यानं जातोय, चूक त्या पोराची. मी ट्रकला लावतात ती चमकणारी टेप आणली, तर म्हणाले, ही गाडी आहे का वरात? गाडीखाली कंदील आहे की! घरात रोज भांडण. कुणाचं बरोबर? मी काय करू?

उत्तर:

बाळ, तुझं पत्र वाचलं आणि गाडीखालच्या कंदिलापाशी अडलो. आधी त्या कंदिलाचंच सांगतो.

मी या शहरात तेहतीस वर्षं बस चालवली. सुरुवातीच्या काळात लालबाग-परळकडं घासलेटच्या बैलगाड्या सर्रास असायच्या. आडवी टाकी, पुढं एक बैल, टाकीच्या तोंडाशी माप लटकवलेलं. ऑगस्टमधली एक पहाट, माझी पहिली फेरी. पाऊस म्हणावा असा नव्हता, पण काचेवर सतत बारीक पाणी. रस्त्याच्या डाव्या कडेला, जमिनीपासून हात-दीड हातावर मला एक पिवळा मिणमिणता दिवा दिसला. दिसला, बरं का. चांगला लांबून दिसला. मला वाटलं, फुटपाथवर कुणीतरी चहाला स्टोव्ह पेटवलाय. त्या वेळी पहाटे फुटपाथवर असे दहा स्टोव्ह दिसायचे. मी आपला आलो तसाच पुढं आलो. मग एकदम समोर टाकीचा काळा गोल उभा राहिला. स्टिअरिंग उजवीकडं ओढलं, तरी बसचा डावा कोपरा चाकाला घासून गेलाच. माणूस वाचला. बैल गुडघ्यांवर बसला होता. गाडीवानानं मला एक शिवी दिली नाही. बैलाच्या पाठीवर हात ठेवून तो नुसता उभा राहिला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

म्हणजे कंदील होता, पेटलेला होता, मला दिसलाही होता. पण तो दिवा बैलगाडीचा आहे आणि ती गाडी जवळजवळ उभीच आहे, हे त्या दिव्यानं मला सांगितलं नाही.

तुझ्या बाबांची जी गफलत होतेय ती इथं. त्यांची गाडी तासाला तीन-चार किलोमीटरनं चालते, सेकंदाला फार तर एक मीटर. मागनं येणारा बाईकवाला साठनं येत असेल तर सेकंदाला सोळा-सतरा मीटर. पुढं दुसरी बाईक पंचेचाळीसनं चालली असती, तर चाळीस मीटरचं अंतर तुटायला त्याला नऊ-दहा सेकंद मिळाले असते. तेवढ्यात माणूस सावकाश ठरवतो, थांबू का बाजूनं काढू. बैलगाडीच्या बाबतीत तेच अंतर अडीच सेकंदांत संपतं. लाइट खाली पाडलेला, म्हणजे लो बीमवर, असेल तर मळक्या लाकडाची, पेंढ्यानं भरलेली गाडी पस्तीस-चाळीस मीटरच्या आत आल्याशिवाय दिसत नाही. दिसलेलं डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो. उरलेल्या जागेत साठची बाईक कोरड्या रस्त्यावरसुद्धा थांबत नाही. चाळीसच्या वेगात असती तर थांबली असती. म्हणून तो पोरगा सुसाट होता हे बाबांचं म्हणणं मी नाकारत नाही. पण सुसाट पोरगा दर रविवारी येणार आहे. भाईंदरकडनं उत्तनच्या रस्त्यानं जो लोंढा उतरतो, त्यातल्या निम्म्यांनी जन्मात बैलगाडीच्या मागनं गाडी चालवलेली नसते. चाळीस वर्षांत रस्ता तोच राहिला, त्यावरची माणसं बदलली.

तेव्हा भांडण सोड. एक दिवस बाबांना स्कूटरवर मागं बसव.

हे मी सांगतोय ते नीट कर. बैल गोठ्यात राहू देत. रिकामी गाडी, पेंढ्याचे चार भारे टाकून, तुमच्याच आळीत जिथं रहदारी नसते तिथं तिन्हीसांजेनंतर उभी कर. कंदील नेहमीच्या जागी लटकव. मग बाबांना मागं बसवून दोनशे पावलांवरनं लाइट खाली पाडून सावकाश ये आणि म्हण, गाडी दिसली की माझ्या खांद्यावर थाप मारा. थाप पडली की थांबायचं आणि तिथनं गाडीपर्यंतची पावलं त्यांनाच मोजू दे. मग तुझी ती टेप गाडीला दोऱ्यानं नुसती अडकवून पुन्हा तसंच. चांगली टेप दीडशे मीटरवरनंसुद्धा डोळ्यांत भरते. तू काही बोलू नकोस, मोजलेली पावलं बोलतील. तुझ्या बाबांनी हा रस्ता चाळीस वर्षं गाडीवर बसून पाहिलाय. आपली गाडी मागनं कशी दिसते हे त्यांनी एकदाही पाहिलेलं नाही. कुठल्याच गाडीवानानं पाहिलेलं नसतं. माझे वडीलही गाडीवान होते, कराडकडं कारखान्याला ऊस ओढायचे. त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं.

वरातीचा टोमणाही मनावर घेऊ नकोस. आमच्याकडं बेंदराला बैलांची शिंगं रंगवायची, वर बेगड चिकटवायचं, अंगावर झूल टाकायची. चकचकीत दिसण्याची गाडीवानाला कधी लाज नव्हती. फक्त ते सजवणं स्वतःच्या हातानं व्हायला लागतं. टेप तू लावू नकोस. रोल आणि कात्री बाबांच्या पुढ्यात ठेव आणि कुठं लावायची ते त्यांना विचार. ऊस ओढणाऱ्या गाड्यांना हल्ली हंगामात कारखाने रिफ्लेक्टर बसवून देतात. तिकडचे गाडीवान काही कमी जातिवंत नाहीत, हेही त्यांच्या कानावर घाल.

आता टेप कुठं लावायची. मोटारींचाच शिरस्ता इथं पाळायचा, म्हणजे बघणाऱ्याला विचार करावा लागत नाही: मागं लाल, पुढं पांढरी, बाजूंना पिवळी. दोन इंच रुंदीची घ्यायची. रंगीत चिकटपट्टी आणि ही टेप यांत फरक आहे. दुकानातच मोबाइलचा टॉर्च कपाळापाशी धरून बघ, अंगावर धावून आल्यासारखी उजळली तर खरी. मागच्या बाजूला साट्याच्या, म्हणजे माल भरायच्या सांगाड्याच्या, दोन्ही टोकांना उभे तुकडे लाव आणि मध्ये आडवी पट्टी. दोन टोकं दिसली की गाडीची रुंदी कळते, एकच ठिपका असेल तर मागच्याला ती सायकल वाटते. चाकाच्या बाहेरच्या अंगालाही तुकडे चिकटव. फिरणारी चमक बाजूनं येणाऱ्याला लगेच सांगते की हे चाक आहे, आणि ते किती हळू फिरतंय.

एक गोष्ट मात्र टेप विकणारा तुला सांगणार नाही. पेंढा भरला की तो साट्याच्या मागं हातभर लोंबतो आणि सगळी टेप झाकून टाकतो. म्हणजे गाडी रिकामी असताना चमकते आणि भरलेली, रुंद, धोक्याची असते तेव्हा काळी होते. यावर इलाज सोपा आहे. एक जाड गोणपाट घे, त्यावर लाल टेपचा मोठा त्रिकोण शिवून टाक. टेप नुसती चिकटवली तर गोणपाटावर टिकणार नाही, शिवावीच लागेल. माल भरून दोर आवळला की सगळ्यात शेवटी हे गोणपाट बाहेरून बांधायचं. जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर येऊ दे. भाऱ्याच्या टोकाला पार वर बांधलंस तर खाली पाडलेला लाइट तिथवर पोचतच नाही.

कंदील ठेवा. बाबांचा मान राहू दे. पण त्याच्या जोडीला सायकलला लावतात तो लाल लुकलुकणारा दिवा उजव्या टोकाला हवा, कारण ओव्हरटेक करणारा त्या अंगानं जातो. पुढं एक पांढरा. सेल दर रविवारी तू बघ, हे काम बाबांवर टाकू नकोस. आणि पावसाळ्यात चिखल उडून टेप दोन दिवसांत मातीच्या रंगाची होते. बैलांना पाणी दाखवायच्या वेळी ओल्या फडक्यानं एक हात फिरवायचा.

घुंगुरमाळेचं म्हणशील तर ती बैलाच्या आणि तुमच्या आनंदासाठी. काचा बंद करून गाणी लावलेल्या मोटारीत घुंगरू ऐकू जात नाहीत.

आता तुझ्या बैलाबद्दल. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त ऐन पाठीमागचं दिसत नाही. त्यात वर साटा आणि पेंढा. मागनं जे येतं ते त्याला आधी कानांनी कळतं, आणि बारीक चिरका आवाज त्याला आपल्यापेक्षा जास्त बोचतो. हॉर्न ज्या अंगानं वाजतो त्याच्या उलट अंगाला तो सरकतो. उजवीकडनं मोटार हॉर्न देत गेली तर जोडी डावीकडं, म्हणजे गटाराकडं दबते. हे त्यातल्या त्यात बरं. पण एखादा बाईकवाला डाव्या फटीतनं घुसला तर जोडी रस्त्याच्या मधोमध ढकलली जाते, आणि मग मागच्या मोटारीचा काही इलाज चालत नाही. म्हणून डावीकडं बाईकपुरती फट उरेल अशी गाडी घेऊ नये. घ्यायची तर पूर्ण कडेला. आणि जोडीतला जो थंड डोक्याचा असेल तो उजवीकडं, रहदारीच्या अंगाला जुंपावा. बुजलेला तुमचा नेमका उजवाच आहे. जागा बदलून बघा, पण आधी शेतात, रिकाम्या गाडीला. खांदा बदलला की काही बैल दोन दिवस अवघडतात. बैल खिल्लार आहेत की डांगी हे तू लिहिलं नाहीस. खिल्लार पळायला नंबर एक, पण जात तापट. डांगी पावसाचा आणि स्वभावानं गरीब, रहदारीत मला तो बरा वाटतो.

बाबांच्या हातात पराणी असेल आणि तिला आर असेल, तर ती आर आजच काढून टाकायला सांग. टोचणारी काठी वापरायला १९६५च्या केंद्र सरकारच्या नियमांनी बंदी आहे. पण कायद्याचं राहू दे, रहदारीत टोचलेला बैल पुढं उडी मारतो, आणि पुढं कुणाचं तरी पोर आइस्क्रीम खात उभं असतं. त्याच नियमांत असंही आहे की जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, आणि ३७ अंशांच्या वर ऊन असेल तर दुपारी बारा ते तीन सोडून ठेवायचं. दमलेला बैल अडखळतो, आणि सिमेंटच्या ओल्या रस्त्यावर खुरांना ठोकलेल्या झिजक्या पत्र्या घसरतात. पत्री ठोकणारा आता सहज मिळत नाही हे मला माहीत आहे, तरी पावसाच्या आधी एकदा खूर दाखवून घ्याच.

कासऱ्याचंही, म्हणजे बैल हाकायच्या दोराचंही, सांगतो. पुष्कळ गाडीवान कासरा मनगटाला गुंडाळून बसतात, विशेषतः वय झालं आणि मूठ ढिली पडली की. बैल उधळला तर तो माणसाला घेऊन जातो. कासरा मुठीत धरायचा, गुंडाळायचा नाही. जेट्टीच्या उतारावर शेवाळं असतं, तिथं खाली उतरून बैलांच्या डाव्या अंगानं चालत वेसणीशी हात ठेवावा आणि गाडी थांबली की आधी चाकाला उटी, म्हणजे अडकवायचा दगड किंवा ठोकळा, मग क्रेटला हात.

सगळ्यात मोठी जोखीम मात्र उजवीकडं वळताना. मागच्याला वाटतं ही सरळ चालली आहे, तो उजवीकडनं काढायला जातो, आणि त्याच क्षणी बैल आडवे होतात. पेंढा भरलेला असेल तर बाबांनी काढलेला हात कुणाला दिसतही नाही. तेव्हा वळणाच्या आधी डावीकडं थांबायचं, रस्ता मोकळा होऊ द्यायचा. बरोबर दुसरा माणूस असेल तर त्यानं खाली उतरून गाडीच्या मागं दहा-पंधरा पावलांवर, रस्त्याच्या कडेला, टॉर्च घेऊन उभं राहायचं. आणि साट्याच्या उजव्या खुंट्याला ट्रकचा जुना आरसा तारेनं आवळून टाका. बाबा हसतील. महिन्याभरात त्याच आरशात बघून मिशी कोरतील.

भावानं जे कोर्टाचं सांगितलं ते त्यानं अर्धवट ऐकलेलं दिसतं. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं ज्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या, त्या घोड्यांच्या व्हिक्टोरिया, गेटवे आणि नरिमन पॉइंटकडं मौजेखातर फिरवायच्या त्या. बाबांची पेंढ्याची गाडी त्यात येत नाही. अर्थात काही रस्त्यांवर बैलगाडीला मज्जाव आहेच, अटल सेतूवर तर बाईकलाही परवानगी नाही. तुमच्या गावच्या रस्त्याला तसा फलक नसेल तर जायला हरकत नाही. गंमत म्हणजे १८७४ साली या मुंबईत ट्राम सुरू झाली ती घोड्यांनी ओढलेलीच होती. विजेची आली १९०७ला. तेव्हा रस्त्यावर जनावर हा नियम होता, मोटार हा अपवाद.

कायद्यात तुमच्या बाजूचंही एक कलम आहे, आणि ते गाडीवानांना सोडा, मोटारवाल्यांनाही ठाऊक नसतं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३२. जनावर सांभाळणाऱ्या माणसाला वाटलं की ते मोटारीला बुजून हाताबाहेर जाईल आणि त्यानं थांबायला सांगितलं, तर मोटार चालवणाऱ्यानं थांबायचं असतं. सौजन्य म्हणून नव्हे, कायदा म्हणून. त्या कलमात जनावर म्हणजे कोण हेही लिहिलंय: घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, बकरी. हत्तीसाठी कलम लागत असेल असं वाटत नाही. बाबांना एवढंच सांग की बैल कान टवकारून अंग चोरायला लागला तर ओरडू नका. उजवा हात सरळ वर, पंजा उघडा, मागच्याला दिसेल असा धरा. सगळे नाही थांबणार, पण उघडा पंजा बऱ्याच जणांना कळतो. कॅमेरा घेऊन बैलाच्या तोंडासमोर उभे राहणारे असतात त्यांनाही तोच पंजा.

भरपाईचं आता. घाबरून रोख पैसे देऊ नका आणि कुठल्या कागदावर सही करू नका. पोलिसांत नोंद झाली नसेल तर उशिरा का होईना, बाबांनी जाऊन आपली बाजू लिहून द्यावी. चाकाचे, रस्त्याचे, बैलाला लागलं असेल तर त्याचे फोटो काढून ठेव आणि गुरांच्या डॉक्टरचा दाखला घे. १९६२ या नंबरवर सरकारी पशुवैद्यकीय मदत मिळते. मात्र एक कडू गोष्ट ऐक. अंधारात गाडीच्या मागं धड दिवा नव्हता असं ठरलं, तर तुमचाही निष्काळजीपणा धरला जातो आणि दोष वाटून दिला जातो. चूक फक्त त्या पोराची हे घरात म्हणायला ठीक, न्यायाधीशापुढं ते पूर्ण टिकेल असं मला वाटत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन ये. बाबांचं उत्पन्न त्यांच्या मर्यादेत बसत असेल तर वकील मोफत मिळतो. आणि त्या पोराला एकदा बघून या. केळी-बिस्किटं घेऊन. यानं खटला कमजोर होत नाही, फक्त तिथं पैशांची बोलणी करायची नाहीत.

कुणाचं बरोबर, असं विचारलंस. भाऊ पूर्ण चूक नाही. मी वर जे सांगितलं ते सगळं केलं तरी पावसाळी अंधारात, रविवारच्या परतीच्या गर्दीत बैलगाडी सुरक्षित होत नाही. टेप बघायला मागच्याचे डोळे रस्त्यावर असावे लागतात, आणि समुद्रावरनं परतणाऱ्या काहींचे तेवढे जाग्यावर नसतात. तेव्हा एक गोष्ट मी बाबांकडं सल्ला म्हणून नाही, हट्ट म्हणून मागतो. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी चारनंतर गाडी जुंपायची नाही. मासळी असो, पेंढा असो, कुणी दुप्पट भाडं देवो. पहाटेचं काम असेल तर फटफटल्यावर निघायचं, जेट्टीवर अर्धा तास उशीर होईल तो होऊ दे. ऐन निकडीच्या मालाला त्या दिवशी टेम्पो सांगा, म्हणजे भावाचाही शब्द राहील. बैल विकायचे का, हे अपघाताच्या महिन्यात ठरवू नका. आणि ठरवाल तेव्हा बाबांसमोर ठरवा, ते जेट्टीवर गेलेले असताना नाही.

उरली ती मोरी. बैल जागा विसरत नाही, तुम्ही तिथनं कितीही ओढून नेलंत तरी. मारून पार केलात तर तो पुढच्या वेळी मोरीच्या आधी वीस पावलं अडेल. त्याला सकाळी, रहदारी नसताना, गाडी न जुंपता, नुसता वेसणीला धरून तिकडं न्या. बरोबर दुसरा बैल असू दे, तो शांत उभा राहिला की याला धीर येतो. मोरीवर पाण्याची चकाकी किंवा कठड्याची आडवी सावली पडत असेल तर ऊन फिरल्यावर जा, कारण अशा पट्ट्यांना बैल खड्डा समजतात. जिथं अडेल तिथंच थांबा, पेंढीतली मूठभर वैरण त्याच्या पुढ्यात टाका, ती खाऊ दे, अंग चाटू दे, आणि वळून घरी या. दुसऱ्या दिवशी दोन पावलं पुढं. जुंपायची घाई करू नका. पहिल्यांदा जुंपाल तेव्हा गाडी रिकामी हवी, बाबा पुढं चालत हवेत, आणि मागं तू. लाल गोणपाट बांधलेलं असेलच.